काविळीची माळ

“बगा बाई, काल ही बेंबीच्या वर होती. आज खाली आलीय. उतरायला लागलीय कावीळ.”

बायडाआक्कांनी सुनेच्या गळ्यातली माळ दोन बोटांनी अलगद उचलून मला दाखवली. घेटुळी या रानवेलीच्या काड्यांचे पेराएवढे तुकडे, पांढऱ्या दोऱ्यात एकेक गाठ मारून बांधलेले. पाच दिवसांपूर्वी ती कांचनच्या डोक्यावर चुंबळीसारखी बसवली होती. तिथून ती गळ्यात आली, गळ्यातून छातीवर, आणि आता आठ महिन्यांच्या पोटाचा चढ ओलांडून पलीकडं निघाली होती.

दुपारचे दोन वाजले होते. कांचन सोप्यात पटकुरावर कुशीवर झोपली होती. झोपेतसुद्धा तिच्या पापण्या पुऱ्या मिटलेल्या नव्हत्या आणि त्या फटीतून दिसणारं डोळ्यातलं पांढरं पिवळं झालेलं होतं, झेंडूच्या पाकळीसारखं.

“कधीपासून झोपलीय?” मी विचारलं.

“सकाळधरनं. रातभर टक्क जागी असती आन् उजाडलं की निजती. पोटुशी बाई, निजंना का.”

“रोज असंच?”

“तीन दिस झालं.” हे दारातून प्रल्हाद म्हणाला. “बाई, काल तिनं चहात मीठ घातलं. मी म्हणलं, हे काय गं. तर माझ्याकडं बघत राहिली, कोण पाहुणा आलाय म्हणून बघावं तशी.”

“तू गप रं,” आक्का म्हणाल्या. “मीठ काय माझ्या हातनं कदी पडलं न्हाई व्हय?”

प्रल्हाद शेवाळे माझा जुना विद्यार्थी. दहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या शाळेत मी त्याला नववी-दहावीला विज्ञान शिकवलं होतं. आता तो वायरमनचं काम करायचा. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल घेऊन उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, “बाई, सोनखडीला चला. आई ऐकत नाही.” वाटेत वाऱ्यावर ओरडत त्यानं बाकीचं सांगितलं. खालच्या आळीत अकरा घरांत कावीळ होती. दोघं बरे झाले होते, बाकीचे पडून होते. त्यांत गरोदर एकटी कांचन.

अकरा घरं म्हटल्यावर मागच्या सीटवर मी मनात काही वाक्यं जुळवायला लागले. का, ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

मी कांचनच्या उशाशी बसले. “कांचन, ए बाळा.” दोनतीन हाकांनी तिनं डोळे उघडले.

“माहेर कुठलं गं तुझं?”

ती विचारात पडली. ओठ हलले. मग हसली आणि म्हणाली, “आई पाणी आणायला गेलीय.”

प्रल्हादनं तोंड फिरवलं. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

“आक्का,” मी म्हणाले, “हिला आत्ताच्या आत्ता मिरजेला न्यायला हवं. पोटुशीची कावीळ साधी नसते. ती डोक्यात चढायला लागलीय. आज न्यायला हवं, उद्या नाही.”

“जीप सांगून ठेवलीय बाई,” प्रल्हाद म्हणाला. “देवळापाशी उभी आहे.”

“उबी राहू दे,” आक्का म्हणाल्या. आवाज चढला नाही. त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. “माळ गळ्यात असताना येस वलांडायची नसती बाई. वलांडली की कावीळ उलटती आन् माणूस जातं. माळ पायांतनं गळून पडस्तवर गाव सोडायचं न्हाई. आन् जिनं बांदली तिच्याबिगर माळ कुणी काडायची न्हाई. हे काय मी आज काडलेलं न्हाई.”

“आक्का, ती माळ कुणाच्याही गळ्यात वाढते. काड्या वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा सुटा होतो. मी लिहिलं होतं त्याच्यावर.”

“लिवलं व्हतं की. तुमी लई लिवता.”

त्या उठल्या. पाण्याचा माठ ठेवला होता त्या कट्ट्याच्या वर, भिंतीवर, वर्तमानपत्राचं एक कात्रण खळीनं चिकटवलं होतं. कडा पिवळ्या पडलेल्या. आक्कांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी बोट बरोबर शेवटच्या ओळीवर ठेवलं.

“हे तुमीच लिवलंय न्हवं?”

मी उभी राहिले. जवळ जायची गरज नव्हती. ती ओळ मला पाठ होती.

जिल्ह्याच्या दैनिकात दर रविवारी माझं सदर यायचं, ‘खरं का खोटं’. गंडे, ताईत, साखरेवरचा काढा, पाठीतली शीर मोडणारे, डोळ्यांतून किडे काढणारे, मी कुणाला सोडलं नव्हतं. लोक वाचायचे. दीडेक महिन्यापूर्वी सोनखडीत अफवा उठली, की नव्या टाकीत जे औषध घालतात त्यानं बाया वांझ होतात, पोटातली गर्भं पडतात. बाया नळ सोडून मळ्यातल्या विहिरींवर जायला लागल्या. मी एक दिवस येऊन गेले, ग्रामपंचायतीसमोरच्या नळाचं पाणी बाटलीत घेतलं, आरोग्य खात्याच्या औषधानं तपासलं, ते स्वच्छ निघालं. मग लिहिलं. त्या औषधानं वांझपण येत नाही हे मी नीट समजावून लिहिलं आणि ते शंभर टक्के खरं होतं.

पण माझं लहानपण जात्याच्या घरघरीत गेलेलं. ओवीला शेवटचा आखूड चरण लागतो, तो आल्याशिवाय कान मिटत नाही. तसा माझ्या लेखाला गोड शेवट लागायचा. म्हणून मी लिहिलं, ‘तेव्हा सोनखडीच्या लेकींनो, विहिरीची वाट सोडा, दारचा नळ सोडा, आणि ओंजळ भरून निर्धास्त प्या.’ दोनदा आलेल्या त्या ‘सोडा’वर मी खूश झाले होते.

“हिला तवा सातवा लागायचा व्हता,” आक्का सांगत होत्या. “मळ्यातनं हांडा आनायची. पेल्हादानं हे आनून चिकटीवलं. म्हनला, माझ्या बाईंनी लिवलंय, आता हांडं वाहू नगंस, नळाचं पी. ती भेत व्हती. तिनं दोन दिस न्हाई पिलं. मग पिली.”

बाहेर कोंबडी पिलांना बोलवत होती.

“खालच्या आळीचं पाणी मी बघितलं नव्हतं,” मी म्हणाले. “वरच्या एका नळाचं बघितलं आणि सगळ्या गावाला सांगितलं. चूक माझी आहे, आक्का.”

मला वाटलं होतं, हे बोलले की काहीतरी हलेल. तालुक्यापासून तीच वाक्यं मनात घोळवत आले होते. आक्कांनी मान डोलावली, भाव ऐकून घ्यावा तशी.

“तवा चुकलात. मग आज चुकत न्हाई कशावरनं?”

मी पुन्हा त्या कात्रणाकडं बघितलं.

“सांगा की. तवा पन असंच बोलला असाल, शंबर टक्के. आमची थोरली सून अशीच नेली व्हती दवाखान्यात, डाक्तर म्हनला उद्या घरी सोडतो. उद्या सोडली, चादरीत गुंडाळून. तुमी समदी लई खात्रीनं बोलता, बाई.”

“आक्का, मी चुकले तर हिचे चार दिवस दवाखान्यात फुकट जातील. माळ चुकली तर ही जाईल.”

“येस वलांडली आन् गेली, तर?”

माझा संयम सुटला. मी खाली वाकले आणि माळेला हात घातला. एक हिसका, एक दोरा तर होता. पण कांचन झोपेत नव्हती. तिनं दोन्ही मुठींत ती माळ आवळून छातीशी धरली आणि असा आवाज काढला, की दारातली कोंबडी पिलं टाकून पळाली. ती मला ओळखत नव्हती, नवऱ्याला ओळखत नव्हती, पण ही माळ गेली की आपण जाणार एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. प्रल्हाद धावला आणि त्यानं माझा हात धरला. माझा, तिचा नव्हे.

“नको बाई,” तो म्हणाला. “असं नको. तिनं भिऊनच जीव सोडला तर?”

“माळ कुणी बांधलीय?”

“यसूआत्यानं. ओढ्यापलीकडं राहते.”

“तिला बोलाव.”

“ती येत नाही. कुणाकडंच जात नाही आता.” तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “तुमचा लेख आल्यापासून.”

मी चपला घातल्या.

ओढा ओलांडायला दहा मिनिटं लागली. ऊन खडकांतून वर येत होतं. यसूआत्यावर मी अख्खा लेख लिहिला होता, तीन महिन्यांपूर्वी. तिच्याकडून एक माळ दुसऱ्याच्या हातानं मागवली आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या प्लास्टरच्या सांगाड्याच्या डोक्यावर चढवली. आठ दिवसांत ती सांगाड्याच्या गुडघ्याला आली. लेखाचं नाव होतं ‘सांगाड्याची कावीळ बरी झाली’. लोक पोट धरून हसले. यसूआत्याला मात्र मी कधी बघितलं नव्हतं.

पत्र्याच्या घरापुढं, लिंबाच्या सावलीत एक सत्तरीची, काटकुळी बाई शेळीच्या पायातला काटा काढत होती.

“यसूआत्या?”

“कोन?”

“मी डुबलबाई. तालुक्याच्या शाळेतली. पेपरात लिहिते ती.”

तिनं काटा काढला, शेळीचा पाय सोडला, हात लुगड्याला पुसले. मग मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“सांगाडा बरा हाय न्हवं? पथ्याचं खातोय का?”

“आत्या, चेष्टा नंतर करा. हवं तेवढं बोला मला. शेवाळ्यांच्या सुनेला तुम्ही माळ दिलीय, तिची वेळ वाईट आहे.”

“सुनेला?” तिच्या कपाळाला आठी पडली. “निरोपात पोराचं नाव व्हतं. शेवाळ्याच्या पेल्हादाला कावीळ झालीया, माळ द्या.”

“कांचनच्या गळ्यात आहे. आठवा महिना चाललाय तिला.”

यसूआत्या एकदम उठली नाही. ती एकेक प्रश्न विचारत गेली.

“झोप उलटली का?”

“हो. रात्री जागी, दिवसा झोप.”

“बोलनं?”

“मेलेल्या आईला पाणी आणायला धाडलंय तिनं.”

“हात म्होरं धर म्हनलं, की पंजा पाखरागत फडफडतो का?”

“ते मी बघितलं नाही.”

“तोंडाला वास?”

“तेही नाही बघितलं.”

“काय बगितलंस मग?” ती उठून उभी राहिली. “पोटुशीला मी माळ देत न्हाई. झोप उलटली त्याला देत न्हाई. माझ्या सासूनं तसं शिकीवलंय. आलेल्या धा जनांतली तीन मी दारातनं म्हागारी लावायची, जावा मिरजेला म्हनून. पोटुशी दिसली की जीप बोलवूस्तवर हितनं हलत नव्हते मी. इच्यार कुनालाबी.”

“मग ह्या वेळी का नाही बघितलंत?”

“कसं बगू? तू लिवल्यावर हवालदार आला. संगं दोन शिकलेली पोरं. कागदावर अंगठा घेतला, पेशंट बगनार न्हाई म्हनून. तवापास्नं मी कुनाचं तोंड बगत न्हाई. निरोप येतो, माळ जाती.” तिनं दारामागची काठी घेतली. “बंद तू बगनं केलंस, बाई. माळ कुटं बंद झाली?”

आम्ही ओढा परत ओलांडला. ती माझ्या पुढं चालत होती आणि मी मागं.

दारात तिला बघून बायडाआक्कांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. खोटा निरोप धाडलेला आठवला असणार. यसूआत्या त्यांना काहीच बोलली नाही. ती कांचनपाशी बसली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तोंडाशी नाक नेलं. “हात म्होरं कर लेकी.” कांचननं हात पुढं केले. मनगटापासून दोन्ही पंजे फडफडले, पंख मोडलेल्या होल्यासारखे.

यसूआत्यानं ते हात आपल्या हातांत धरून खाली ठेवले.

“बायडे, हिला मिरजेला ने.”

“आन् माळ?” आक्का म्हणाल्या. “येस?”

यसूआत्या कांचनच्या केसांवरून हात फिरवत हळू आवाजात म्हणायला लागली. दळताना म्हणतात तशी संथ लय होती ती.

*पिवळ्या बाईनं गं*
*वाडा हळदीनं लिंपला*
*जीव लेकीचा गुंतला*
*दार उघड*

म्हणता म्हणता तिनं माळ कांचनच्या मानेवरून, केसांवरून वर काढली. कांचननं विरोध केला नाही. मुठी आपसूक सुटल्या. आणि यसूआत्यानं ती माळ स्वतःच्या गळ्यात घातली.

“घे. आता पिवळी माझ्याकं आली. माळ माझ्या गळ्यात, तवा येशीची बाधा मला. लेक मोकळी झाली.”

आक्का तिच्या गळ्याकडं बघत राहिल्या. मग अचानक माझ्याकडं वळल्या.

“बाई, तुमी सांगा. असं चालतं?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ज्या बाईनं माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, ती मलाच विचारत होती. माळ एकीच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात गेली की कावीळही जाते का? दीडशे रविवार मी ज्याला खोटं म्हणत आले, ते एका ‘हो’नं खरं होणार होतं आणि बाहेर जीप उभी होती. ‘नाही’ म्हटलं असतं तर जीप तशीच उभी राहिली असती. यसूआत्या माझ्याकडं बघत नव्हती. ती माळेच्या गाठी चाचपत होती.

“आक्का,” मी म्हणाले, “माळेतलं मला काही कळत नाही. यसूआत्यांना कळतं. त्या म्हणतात तसं करा.”

आठशे शब्द मी माळेवर लिहिले होते. आक्कांना ते ठाऊक होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, “पेल्हादा, जीप आन.”

वेशीवर चालकानं गाडी थांबवली नाही, तरी आक्कांनी डोळे मिटून घेतले. कांचनचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. पुढच्या सीटवर यसूआत्या काठी धरून ताठ बसली होती. तिनं मागं वळून एकदाच विचारलं, “जागी हाय का?” आणि मी “हाय” म्हटल्यावर पुन्हा समोर बघायला लागली. त्या दीड तासात मी ते किती वेळा म्हटलं असतं, तिनं विचारलं असतं तर. तिनं विचारलं नाही. मीच दर दोन मिनिटांनी कांचनला तिचं नाव विचारत होते. पहिल्या अर्ध्या तासात तिनं चारदा सांगितलं. नंतर एकदाच. शेवटी शेवटी तिनं नुसते डोळे उघडले.

दवाखान्यात तिला आत घेतलं. दार मिटलं. तासाभरानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, कागदावर प्रल्हादची सही घेतली आणि म्हणाली, “पाच दिवस आधी आणायला हवं होतं.” ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. पाच दिवस म्हणजे माळेचे दिवस. प्रल्हाद आणि आक्का दाराशी उभेच राहिले. मी आणि यसूआत्या व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसलो.

एक वॉर्डबॉय जाता जाता थांबला. “आजी, हार कुणी घातला? निवडून आलात काय?”

“आले की,” यसूआत्या म्हणाली. “बिनविरोध.”

तो हसत गेला. दिवे लागायची वेळ झाली होती. समोरच्या टपरीवरून प्रल्हादच्या मित्रानं, जीपवाल्यानं, दोन चहा आणून दिले.

“आत्या,” मी म्हणाले, “तुम्हाला खरंच वाटतं, ही कावीळ उतरवते?”

तिनं चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला.

“सासूनं शिकीवली तवा मी सतरा वर्साची. पैली माळ मी खुंटीला टांगली. म्हनलं, बगू तरी. धा दिसात खुंटीवरनं भुईला टेकली.” तिनं बशी पालथी घातली. “खुंटीला कुटली आलीय कावीळ.”

“मग पन्नास वर्षं कशाला बांधलीत?”

“तीन आटवडे मानूस घरात बसत न्हाई, पोरी. दुसऱ्या दिशी कुळव धरतंय. त्याला सांगून बग, पडून ऱ्हा, तेलाचं खाऊ नगं, दारू पिऊ नगं, उसाचा रस पी. आईकतंय? गळ्यात माळ आसली की आईकतंय. माळ गळून पडस्तवर पडून ऱ्हातंय. निम्मी तशीच बरी व्हत्यात. जी व्हनार न्हाईत, ती मी बगून ओळखायची.” ती थांबली. “ते बगनं ऱ्हायलं.”

“मला हे विचारायला यायला हवं होतं,” मी म्हणाले. “लिहिण्याआधी.”

“मी सांगितलं नसतं. माळंचं सांगितलं की माळ संपली.” तिनं गळ्यातली माळ एका हातानं ओढून तोडली, चुरगाळून पायरीखाली टाकली. “पर पेशंट कसं बगायचं, ते सांगितलं असतं. त्याला काय हुतंय.”

तिसऱ्या दिवशी कांचनला मुलगी झाली, मेलेली. कांचन मात्र जगली. एकोणिसाव्या दिवशी तिला घरी सोडलं. जाताना तिनं मला ओळखलं, पण बोलली नाही.

मी लेख लिहिला. सोनखडीच्या पाण्याबद्दल मी जे लिहिलं ते एका नळाच्या पाण्यावरून लिहिलं होतं, खालच्या आळीची नळवाहिनी मी बघितली नाही, तिथं अकरा घरं आजारी पडली आणि एक मूल गेलं. एवढंच लिहिलं. संपादक म्हणाले, “बाई, एकदा आपण चुकलो म्हणून सांगितलं की वाचक मागच्या दीडशे लेखांकडंही तसाच बघेल.” मी म्हणाले, “बघू दे.” त्यांनी छापला. त्या आठवड्यात बरीच पत्रं आली. निम्म्यांनी लिहिलं होतं, आता थांबा. एकानं लिहिलं होतं, त्याच्या बायकोचं मधुमेहाचं औषध माझं वाचून पुन्हा सुरू केलं होतं, ते चालू ठेवायचं की नाही. त्याला मी त्याच दिवशी उत्तर धाडलं आणि सोबत तालुक्याच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

यसूआत्यांवर मी पुन्हा काही लिहिलं नाही. हवालदाराचा कागद मात्र मी पोलीस ठाण्यात जाऊन, तीन खेपा घालून मागं घ्यायला लावला. त्यानंतर तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स महिन्यातून एकदा ओढा ओलांडून तिच्याकडं जायला लागली. कोण कुणाला शिकवत होतं, हे मला कधी नीट कळलं नाही.

कांचन घरी आल्यावर आठवड्यानं मी सोनखडीला गेले. पिशवीत बत्तीस बाटल्या होत्या, खालच्या आळीतल्या प्रत्येक नळाला एक. बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी चहा विचारला नाही. चौथ्या घरापाशी जमिनीत पुरलेली नळी वर येऊन गटारातून गेलेली दिसली, जोडाला फडकं गुंडाळलेलं. ते फडकं मी पहिल्या वेळी दहा पावलं खाली उतरले असते तर दिसलं असतं.

शेवाळ्यांच्या दारात मी थांबले. आत शिरायचं धाडस होईना. भिंतीवरचं कात्रण काढून टाकलेलं होतं; तिथं खळीचा चौकोन उरला होता. बायडाआक्का बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, नळ सोडला, थोडं पाणी वाहू दिलं आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. झाकण घट्ट लावलं. पण ती मला दिली नाही. धरून उभ्या राहिल्या.

“ह्याचं काय येतंय ते किती दिसांत कळंल?”

“दोन दिवसांत.”

“ते आदी हितं येऊन सांगायचं. तोंडानं. मग पेपरात.”

“येईन.”

“आन् कळलं न्हाई,” त्या म्हणाल्या आणि बाटली माझ्या हातात ठेवली, “तर कळलं न्हाई म्हनून सांगायला या.”